साजाखालचे रोडगे

आमच्या घरात देवाचं सगळं शोभा पाहायची आणि देवाची थट्टा मी. लग्नानंतरची अडतीस वर्षं ही वाटणी सुरळीत चालली. ती मार्गशीर्षातले गुरुवार करायची आणि मी नेमका त्या संध्याकाळी विचारायचो, "काय, लक्ष्मी पोचली का, की पॉवर हाउसच्या रेल्वे फाटकात अडकली?" शोभा हसायची नाही, रागवायचीही नाही. माझ्या ताटातला शिरा तेवढा एक चमचा कमी व्हायचा. आता तिला जाऊन दीड वर्ष होत आलं, घरात देव आहेत तसेच आहेत, पण थट्टा सुचत नाही. एकट्या माणसाला देवाची थट्टा करता येत नाही, हे मला फार उशिरा कळलं. ती ऐकून तोंड फिरवणारं कुणीतरी लागतं.

आजोबा नागपूरकडून रेल्वेच्या नोकरीत दुर्गच्या लाइनवर आले. मी भट्टीकडे वळलो. चौतीस वर्षं भिलाईच्या पोलाद प्लांटात कोक ओव्हनवर काढली आणि रिटायर झाल्यावर रुआबांध्याला दोन खोल्या अन् वर गच्ची असं घर बांधून बसलो. त्या चौतीस वर्षांमुळे माझा एक ठाम समज झाला होता, की आगीबद्दल मला कळतं तेवढं दुसऱ्याला कळत नाही. शोभा गॅस पेटवायची तेव्हासुद्धा मी मागून सूचना द्यायचो. पुढे जे घडलं त्याला हा समज कारण आहे, म्हणून आधीच कबूल करून टाकतो.

तीन वर्षांपूर्वी कॅम्प-१च्या बाजारात वांग्यांच्या भावावरून हुज्जत घालता घालता माझ्या छातीत कळ आली. मी ती गॅस समजलो. सोडा प्यायलो, ढेकर दिला, भाजीवाल्याला वर ऐकवलंही, की तुझ्या भावानं माझी तब्येत बिघडली; आणि तिथेच टोमॅटोच्या कॅरेटवर आडवा झालो. पुढचे अकरा दिवस मला आठवत नाहीत. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी शोभाला जवळच्या माणसांना बोलावून घ्यायला सांगितलं होतं, हे मला मागाहून कळलं. तिने एकाच माणसाला बोलावलं, तिच्या धाकट्या भावाला, विनायकला. तो दुर्गला मालगाडीवर गार्ड आहे. तो ड्यूटीवरून तसाच आला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बहीणभाऊ दोघं मला नर्सांच्या हवाली करून मैकलच्या डोंगरात निघून गेले.

कवर्ध्याच्या पुढे चिल्फीचा घाट चढलं की मैकलचं रान लागतं. आमची नवी नवी लग्नं झाली होती तेव्हा आमच्या बॅटरीवरची, म्हणजे भट्ट्यांच्या एका रांगेवरची, आम्ही चारपाच जोडपी दर हिवाळ्यात तिथे जायचो. एक ताडपत्री, दोन बांबू आणि एका पातेल्यात सगळ्यांची खिचडी, हाच आमचा कॅम्प. हल्ली शनिवार-रविवारी रायपूर-भिलाईची मुलं तिथे रंगीत तंबू ठोकतात आणि गाणी लावतात. आम्ही गेलो तेव्हा गाव सोडलं तर माणूस दिसायचं नाही. आमच्या ताडपत्रीच्या जागेजवळ एक जुनं साजाचं, म्हणजे आपल्या ऐनाचं, झाड आहे, त्याच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला एक दगड. गावातले लोक त्याला बूढ़ादेव म्हणतात. शोभाने पहिल्याच वर्षी हात जोडून त्याला महादेव करून टाकलं. मी म्हणालो, "अगं, आधी त्याला तरी विचार." ती म्हणाली, "त्याले चालते. तुमालेच चालत नाही काही."

तर त्या दिवशी ती तिथे जाऊन रोडगे बोलून आली. आमच्या विदर्भाकडे नवस फेडायची ही जुनी रीत आहे. झाडाखाली, उघड्यावर, गोवऱ्यांच्या आरात कणकेचे गोळे भाजायचे, वांग्याची भाजी आणि वरण करायचं, देवाला दाखवायचं आणि तिथेच जेवायचं. शोभाच्या माहेरचा नियम आणखी थोडा कडक: सूर्य बुडायच्या आत पाच जणांच्या पोटात रोडगा गेला पाहिजे, आणि उरलं तर आपल्या घरी आणायचं नाही.

मी वाचलो. शुद्धीवर आल्यावर शोभाने एवढंच सांगितलं, "मी रोडगे बोलली आहे." मी म्हणालो, "म्हणजे चाकू-कात्री डॉक्टरांनी चालवली आणि जेवण महादेवाला?" नर्स हसली. शोभा माझ्या पायावरची चादर नीट करत राहिली.

पहिल्या हिवाळ्यात मी घाटाचं कारण सांगितलं, हृदयाला सोसणार नाही म्हणालो. त्याच महिन्यात एका मित्राकडे लग्नाला मी दीड तास नाचलो होतो. दुसऱ्या हिवाळ्यात म्हणालो, जायचं तर नीट तंबू घेऊन जाऊ, मी मागवतो. तंबू मागवला नाही. शोभाने मात्र दिवाळीपासून गच्चीवर गोवऱ्या थापायला घेतल्या. पलीकडच्या गवळ्याकडून ती शेण आणायची आणि गच्चीच्या कठड्यावर गोवऱ्यांची रांग वाळत ठेवायची, प्रत्येकीवर तिच्या पाच बोटांचा ठसा. मी म्हणायचो, घराचा गोठा करून टाकलास. ती म्हणायची, "जाऊ आपन माघात, थंडी उतरली की."

माघात एका सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता ती ओट्याला टेकून खाली बसली. मला वाटलं, काही सांडलं म्हणून पुसते आहे. मी पेपरातून मान वर न काढता विचारलं, "साखर संपली का?" दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डोक्यातली रक्ताची नस फुटली होती, असं सांगितलं. मी तिला विचारलेला शेवटचा प्रश्न साखरेचा आहे. हे मी कुणाला सांगत नाही. इथे लिहितो आहे, कारण न लिहिता पुढचं सांगता येणार नाही.

त्यानंतरचा मूर्खपणा तर सांगायलाच हवा. महिनाभराने होळी आली. कॉलनीतली मंडळी लाकडं-गोवऱ्या मागायला दारात उभी राहिली. मी डोळ्यांसमोर नको म्हणून, जागा मोकळी होईल म्हणून, सगळ्या गोवऱ्या देऊन टाकल्या. दोन पोती भरली. लोक म्हणाले, काका, होळी काय पेटली या वर्षी! तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही, की मी काय देऊन टाकलं.

ते आलं दिवाळीनंतर, गच्ची झाडताना. कठड्यावर वाळक्या शेणाचा एक गोल डाग राहिला होता. मी झाडू घेऊन तिथेच खाली बसलो. नवस तिने बोलला होता, माझ्या जिवासाठी. मी जिवंत आहे, आणि नवस तसाच राहिला आहे. ती गेली ते डोक्यावर हे ओझं घेऊन गेली, आणि ते ओझं मी दोन हिवाळे हसत हसत तिच्या डोक्यावर ठेवलं होतं. देव मानणं न मानणं माझं मी बघून घेतलं असतं. पण ती मानत होती. वर्षश्राद्धाच्या आत हे फेडायचं, एवढंच त्या दिवसापासून माझ्या डोक्यात राहिलं. जेवण गोड लागेना, झोप येईना.

विनायकला फोन केला. रोडग्यांची रीत माहीत असलेलं तेवढं एकच माणूस उरलं होतं. ऐकून त्याने एवढंच विचारलं, "कावून?" म्हणजे, कशासाठी?

"कावून म्हणजे? ताईचा नवस आहे तुझ्या."

"माहीत आहे मले. म्या होतो न तिच्यासंग." मग म्हणाला, "येतो मी. पन एक सांगून ठेवतो भाऊजी, मी काडी लावनार नाही अन् कनकीले हात लावनार नाही. बसून राहीन."

मी याचा अर्थ माझ्या परीने लावला. बहीण गेली याचा राग तो माझ्यावर काढतो आहे, काढू दे. रागावायला त्याच्याकडे कारणं भरपूर होती.

पौषातल्या एका शनिवारी आम्ही निघालो. तंबू मी शेवटी मागवला होता. जाहिरातीत लिहिलं होतं, दोन मिनिटांत आपोआप उभा राहतो. तो दोन सेकंदांत उभा राहिला. पट्टा सोडल्याबरोबर असा उसळला, की त्याची काठी विनायकच्या नाकावर बसली. डोळ्यांतून पाणी पुसत तो म्हणाला, "वा भाऊजी. देवाच्या दारात पयला नैवेद्य माह्या नाकाचा." वर्षभरात त्याने माझ्याशी केलेली ही पहिली थट्टा होती. मला नाकाबद्दल वाईट वाटलं आणि थट्टेबद्दल बरं वाटलं.

जागेच्या कडेला एका माणसाचं शेत होतं. समारू त्याचं नाव. त्याने पाला लांबवर झाडून घ्या, आग सांभाळा, एवढं बजावलं आणि तो बैलांकडे गेला. दुपार झाली होती. मी डिकीतून पोतं उतरवलं, आणि विनायक जागचा उठला.

"हे का आनलं तुमी?"

"हार्ड कोक. हथखोजला एका ओळखीच्याची फाउंड्री आहे, त्याच्याकडून आणला. शुद्ध माल."

"रोडग्याले कोक?"

"गोवरीत काय आच असते? याच्यावर लोखंड वितळतं, तुझे रोडगे काय घेऊन बसलास. चौतीस वर्षं मी..."

"ताईनं थापल्या होत्या न गोवऱ्या," विनायक हळूच म्हणाला आणि परत दगडावर जाऊन बसला. मला पुढे बोलवलं नाही.

आता ज्यांनी भट्टीवर काम केलं आहे ते एव्हाना हसत असतील. कोक म्हणजे दगडी कोळशातला सगळा धूर आणि वायू आधीच काढून टाकलेला माल. आच जबरदस्त, पण खालून हवेचा झोत मारल्याशिवाय तो पेट घेत नाही. नव्या पोरांना हे मी पहिल्याच दिवशी शिकवायचो. शेकडो पोरांना शिकवलं असेल. आणि तोच मी, मैकलच्या माथ्यावर, ब्लोअर नाही, वीज नाही, तीन दगडांमध्ये कोकचा ढीग रचून काडी लावत बसलो होतो. वाळक्या काटक्या जळून जायच्या आणि वर कोक काळा तो काळाच. तंबूच्या खोक्याचा पुठ्ठा हलवला. तोंडाने फुंकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. मग गाडीत टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप होता, तो लावला. दोन तुकडे लालसर झाले, मला हर्ष झाला, आणि पंपाची नळी वितळून कोकला चिकटली.

"आता गाडीच ठेवा वरतं," विनायक म्हणाला.

कणीक मळायचा प्रकार तर याहून वाईट. रोडग्यात लहान पाऱ्या तूप लावून एकावर एक ठेवतात आणि वरून मोठी पारी गुंडाळतात, हे मी शंभरदा पाहिलं होतं. पाहणं आणि करणं यातलं अंतर त्या दुपारी मोजलं. कणीक आधी सैल झाली, मग पीठ घातलं तर दगड झाली. फोनवर शोधू म्हटलं तर तिथे रेंज नाही. हात कोपरापर्यंत पिठाचे, तोंड काजळीचं, आणि ऊन पलीकडच्या डोंगराकडे कलायला लागलेलं. विनायकने तोंड दुसरीकडे केलं होतं. मी साजाखालच्या दगडाकडे पाहिलं आणि प्रथमच, थट्टेचा लवलेश नसताना, त्याच्याशी बोललो. म्हणालो, "बाबा, तिचं काम आहे हे, माझं नाही. माझ्या हातून होत नाही." यापेक्षा मोठी प्रार्थना मला येत नव्हती. कोकजवळ बसून मी लहान मुलासारखा रडलो. शोभा गेली तेव्हा असा रडलो नव्हतो. तेव्हा लोक होते, आणि लोकांसमोर मी शहाण्यासारखा वागतो.

झाडामागच्या पायवाटेने एक बाई येत होती. साठीच्या आसपासची, डोक्यावर टोपली. टोपली खाली ठेवून तिने दगडाला हात लावून कपाळाला लावला, आणि मग आमच्याकडे वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"का करत हव सियान? ये पथरा ल काबर बारत हव?"

म्हातारबुवा, दगड का जाळता आहात, असं तिने विचारलं. विनायक वर्षभरात प्रथमच मोठ्याने हसला. मी तिला मोडक्यातोडक्या छत्तीसगढ़ीत सांगायला गेलो, की हा दगड नाही, कोक आहे, यावर लोखंड... आणि मध्येच थांबलो. तिच्या टोपलीकडे माझं लक्ष गेलं. टोपली गोवऱ्यांनी भरलेली होती.

तिचं नाव सुकवारो. ती समारूचीच बायको. मुलगी बाळंतपणाला आली होती, सहाच दिवसांपूर्वी तिला मुलगी झाली होती. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडीत रात्रंदिवस धग लागते, त्यासाठी ती शेतावरच्या कोठ्यातून गोवऱ्या घेऊन घरी निघाली होती. रोजचा रस्ता खालून आहे. आज नातीसाठी देवाला हात लावून जावं म्हणून ती वरून आली. एवढंच. मी यात काही घालत नाही आणि काही काढत नाही.

"छेना हे मोर करा, ले लव," गोवऱ्या आहेत माझ्याकडे, घ्या, असं ती म्हणाली, आणि मी नको म्हणायच्या आत अर्धी टोपली तिने माझ्या चुलीत ओतली. कोक तिने काठीने बाजूला सारला, बेवारशी कुत्र्याला सारावं तसा. पाच मिनिटांत धूर झाला, मग आर. मग ती माझ्या परातीपाशी बसली, तिने कणकेत बोट घालून पाहिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की शोभाचीच आठवण झाली. पाण्याचा हात लावून तिने ती कणीक माणसात आणली. मी आठवेल तसं सांगत गेलो, लहान पारी, तूप, परत पारी, आणि तिच्या हातांना ते माझ्याआधी कळत गेलं. त्यांच्याकडे अंगाकर करतात, निखाऱ्यात भाजलेली जाड भाकर, पळसाच्या पानात गुंडाळून. तिने गोळे पानात गुंडाळायला घेतले तेव्हा मी म्हणालो, "आमच्यात पानात नसतात गुंडाळत."

"आता तुमी नियम सांगता?" मागून विनायकचा आवाज आला. "कोक चालला अन् पान चालत नाही?" तो उठून आला होता. वांगी घेऊन चिरायला बसला. हात लावणार नाही म्हणाला होता, याची आठवण मी त्याला दिली नाही. आयुष्यात काही वेळा मलाही गप्प बसता येतं.

बायको अजून घरी पोचली नाही म्हणून समारू शोधत आला आणि धूर पाहून तिथेच उकिडवा बसला. रोडगे भाजल्याचा वास सुटला. राख झटकून पहिला रोडगा फोडला, आत तुपाने सुटलेल्या पाऱ्या दिसल्या. सूर्य डोंगरापासून हातभर वर होता. पळसाच्या पानांवर पाच पानं वाढली आणि आणखी एक देवापुढे ठेवलं. आमच्यात नवस फेडताना बोललेला शब्द मोठ्याने सांगायचा असतो. मी हात जोडून म्हणालो, "शोभानं माझा जीव मागितला होता. तू दिलास. तिचे रोडगे..."

"भाऊजी, थांबा." विनायक माझ्या शेजारी उभा होता. "तिनं एवढंच नवतं मांगतलं."

मी हात खाली घेतले.

"दोन गोष्टी मांगतल्या होत्या. येक, याले घरी आन. अन् दुसरी..." त्याने बाहीने नाक पुसलं. "दुसरी म्हने, येळ आली की आंधी याले ने, मंग मले. याले माह्या मांगं ठेवू नको. याले सोताचा टॉवेल सापडत नाही, याचं कसं होईन. असं म्हने ती, माह्यासमोर, इथं उभी राहून. दोन्ही करशीन त रोडगे देईन." त्याने दगडाकडे बोट केलं. "यानं काय केलं मंग? अर्धं ठेवलं अन् अर्धं मोडलं. म्हून म्हनलो तुमाले, कावून. कायचे रोडगे?"

वर्षभर हा माणूस माझ्यावर रागावला आहे असं मला वाटत होतं. तो देवावर रागावला होता, आणि मला कळू नये म्हणून तोंड मिटून बसला होता.

मला हे झेपायला वेळ लागला. अडतीस वर्षं संसार केलेल्या बायकोने माझ्याआधी मरण मागितलं असतं तर मी समजू शकलो असतो; सगळ्याच मागतात, हळदीकुंकवासकट जायचं म्हणतात. हिने उलटं मागितलं होतं. मागे राहायचं, पांढरं कपाळ घेऊन एकटं राहायचं तिने स्वतःकडे घेतलं होतं, का, तर मला टॉवेल सापडत नाही म्हणून. आणि मी तिच्यावर हसत होतो. त्या क्षणी खरं सांगतो, विनायकचं पटलं. पान उचलून घ्यावं आणि घाट उतरावा असं वाटलं. सौदा देवाने मोडला होता, मी नाही.

सुकवारोबाईला आमचं मराठी कळलं नसावं. ती आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. शेवटी म्हणाली, "खा लव ग, जुड़ावत हे." निवतंय, जेवून घ्या.

मी खाली पाहिलं. पानावर रोडगा वाफाळत होता. माझ्या हातून जो होणार नव्हता, तो झालेला होता. याचं कसं होईल, ही शोभाची काळजी होती. आणि हे असं होत होतं, माझ्यासमोर, पळसाच्या पानावर. मी एकटा नव्हतो. चार माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती, जेवायची खोळंबली होती, त्यातली एक दगडात होती. तिचं मागणं देवाने मोडलं, हे खरं. तिची काळजी मात्र त्याने ऐकली नाही, असं मला त्या वेळी म्हणता येईना. याहून जास्त मला सांगता येत नाही आणि वादही घालायचा नाही.

मी पुन्हा हात जोडले. म्हणालो, "अर्धं दिलंस, अर्धं नाही दिलंस. रोडगे पूर्ण घे. तिनं बोलले होते, म्हणून घे." विनायकने चप्पल काढली आणि माझ्या बाजूला येऊन डोकं टेकलं. त्याची पाठ हलत होती. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर पिठाचे पाच ठसे उमटले.

जेवायला आम्ही चौघेच होतो. पाचव्या पानाकडे पाहून मी अडखळलो. सूर्य टेकायला आला होता, आता कुणाला शोधणार? सुकवारोबाईने पान उचललं, पदराखाली झाकलं. "बेटी खाही त लइका ल दूध मिलही. पांच गिन लव, के छै गिन लव." मुलगी खाईल तर बाळाला दूध मिळेल, पाच धरा, नाहीतर सहा. समारू तिच्यामागे उरलेल्या गोवऱ्यांची टोपली घेऊन निघाला. घर दोन शेतं पलीकडे होतं. डोंगरावर अजून सूर्याची कड होती तेव्हा तिने तिथून, मुलीने घास घेतला म्हणून, हात उंच करून हलवला. पाचवा रोडगा पोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाट उतरताना मागच्या सीटवर तंबू उघडाच कोंबलेला होता, कारण तो परत मिटायचा कसा हे आम्हा दोघांनाही कळलं नाही. विनायक गाडी चालवत होता. कवर्धा ओलांडल्यावर रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "रविवारी जेवाले दुर्गले येत जा भाऊजी. ड्यूटी असली तरी या. घरी सांगून ठेवतो." एरवी मी दहा कारणं सांगितली असती, माझं मी करून खातो म्हणालो असतो. मी हो म्हणालो.

प्लांटात असताना स्टोअरला मागणीपत्र पाठवायचं काम माझ्याकडे होतं. काय हवं, कोणत्या मापाचं, किती दिवसांत, सगळं लिहायचं. अर्धं यायचं, अर्धं यायचं नाही आणि मी टेबलावर हात आपटायचो. देवापुढे उभं राहण्याची माझी सवय नवी आहे, पण तिथे मी तसं काही लिहून नेत नाही. काय द्यायचं, काय ठेवून घ्यायचं, त्याचं त्याने पाहावं. शोभाच्या ज्या मागण्याला तो नाही म्हणाला, त्या नाहीमध्ये मी आज राहतो आहे. तिथे दुःख आहे, ते कमी झालेलं नाही. पण तिथे रविवारी दुर्गला माझं पान मांडलेलं असतं, आणि डोंगरात कुठेतरी एक मुलगी आता बसायला शिकली असेल. हे मी मागितलं नव्हतं. शोभानेही मागितलं नव्हतं. त्यासाठी हात जोडतो.